दोन इंजिनांच्या मधली जागा

“मला एवढंच सांगा वस्ताद, खोटं कोण बोलतंय? मीटर, का तुमची मुलगी?”

बाबालाल वस्तादांनी मान वर केली नाही. डिझेलच्या थाळीत ते बेअरिंग धूत होते.

“काल शर्यत झाल्यावर दोन्ही इंजिनांचं तापमान तपासलं मी. पुढचं गार. मागचं गार. काटा एकदाही लाल पट्टीला शिवला नाही. आणि शेवटचं वळण समोर दिसत असताना जुलेखा गाडी बाजूला घेते, आणि म्हणते काय, तर गाडी तापली!”

वस्तादांनी बेअरिंग उचललं, कानाशी धरून फिरवलं, परत थाळीत टाकलं.

“बोला की वस्ताद!”

“दोघंबी खरं बोलत्यात.”

“असं कसं होईल?”

वस्ताद पुन्हा बेअरिंग धुवायला लागले. अभिनंदन चौगुलेनं समोरच्या रिकाम्या ऑइलच्या डब्याला लाथ घातली. डबा गडगडत भिंतीला जाऊन आपटला.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात बाबालाल मुजावरांना कुणी नावानं हाक मारत नसे. तालमीत असतो तसा तो गॅरेजातला वस्ताद. शर्यतीच्या गाड्या बांधाव्यात तर त्यांनीच. त्यांच्या हाताखाली पुष्कळ जण शिकले, पुष्कळ जण शिव्या खाऊन पळाले. टिकून राहिलेल्यांत दोघं खरी तयारीची. एक अभिनंदन. इंजिनिअरिंगच्या कॉलेजातून सुटला की घरी न जाता तो इथं यायचा. आणि दुसरी वस्तादांची मुलगी, जुलेखा. तो गाडी बांधायचा, ती चालवायची.

यंदा दोघांनी मिळून अशी गाडी उभी केली होती, की जिच्यात इंजिनं दोन. एक पुढं, एक मागं. पुढचं पुढच्या चाकांना ओढणार, मागचं मागच्या चाकांना ढकलणार. आणि मध्ये चालवणारा.

अशा गाडीत ताकदीची अडचण नसते. अडचण तापाची असते. पुढच्या इंजिनाला समोरून वारा मिळतो. मागच्याला वाराच नाही. मिळालाच तर पुढच्यानं आधी तापवून सोडलेला.

अभिनंदननं त्यापायी सगळा उन्हाळा घालवला. शेवटी त्यानं दोन्ही रेडिएटर गाडीच्या नाकावर शेजारीशेजारी बसवले. मागच्या इंजिनाचं पाणी अॅल्युमिनियमच्या लांब पाइपातून गाडीच्या पोटातून पुढं न्यायचं, तिथं गार करायचं आणि दुसऱ्या पाइपानं परत मागं आणायचं. एवढ्या लांब पाइपात हवा अडकायची, पाणी फिरायचं थांबायचं आणि इंजिन उकळायचं. त्यानं तेही सोडवलं. शर्यतीच्या तोंडावर मागचं इंजिन पुढच्यापेक्षा गार राहू लागलं. बाहेरगावची माणसं येऊन बॉनेट उघडून फोटो काढून गेली. अभिनंदन प्रत्येकाला सगळं पहिल्यापासून समजावून सांगायचा.

आणि काल घाटातल्या चढणीच्या शर्यतीत, वेळेत सगळ्यांच्या पुढं असताना, जुलेखानं गाडी थांबवली होती.

अभिनंदन धावत वर गेला तेव्हा ती दार उघडून उतरत होती. हेल्मेट काढून ती एवढंच म्हणाली, “गाडी तापली.”

त्यानं आत वाकून काटे बघितले. आणि जमलेल्या सगळ्यांसमोर ओरडला.

“कुठं तापली? घाबरलीस म्हण की सरळ! बाईच्या हातात गाडी दिली हीच माझी चूक!”

कुणीतरी हसलं.

जुलेखानं किल्ली त्याच्या हातात ठेवली आणि ती कठड्याला धरत, सावकाश घाट उतरून खाली गेली. त्यानंतर तिनं त्याचा फोन उचलला नव्हता.

म्हणून तो आज सकाळी, वस्तादांनी शटर वर केल्याकेल्या, गॅरेजात येऊन उभा राहिला होता.

“तुमची मुलगी म्हणून बाजू घेताय तिची,” तो म्हणाला.

वस्तादांचे हात थांबले.

“माझी पोरगी हाय म्हणूनच तुला अजून हात लावला न्हाई. दुसऱ्याची असती तर तू आत शिरल्याशिरल्या कानाखाली जाळ काढला असता.”

वस्तादांनी चिंध्यांना हात पुसले. सावकाश, एकेक बोट.

“दोनी इंजिनं गार ऱ्हायली म्हणतोस.”

“हो. आकडे आहेत माझ्याकडं.”

“मग त्यांचा ताप गेला कुठं?”

“कुठं म्हणजे? रेडिएटरमधून बाहेर. हवेत.”

“सगळा?”

या प्रश्नावर अभिनंदनचा चेहरा जरा खुलला. हे सांगायला त्याला आवडायचं.

“सगळा नाही. थोडा पाइपातूनसुद्धा जातो. शर्यतीच्या आदल्या दिवशी मी पाइपावर ताप अडवायला गुंडाळलेलं काचकापड आणि वरचा पत्रा काढून टाकला. वजन उतरलं. शिवाय उघडा पाइप जाता जाता ताप सोडतो. पाइपाचाच रेडिएटर झाला वस्ताद! फुकटात.”

“फुकटात.”

“हो.”

“त्यो ताप कुठं गेला?”

“सांगितलं की. हवेत.”

“कुठल्या हवेत?”

“गाडीतल्या,” अभिनंदन म्हणाला. मग घाईघाईनं म्हणाला, “पण ते कितीसं? शर्यत संपायला वेळ तो कितीसा लागतो? तेवढं ड्रायव्हरनं सोसायला नको?”

वस्ताद उठले. ते चिडले की त्यांचा आवाज चढत नसे, खाली जाई. त्यांच्याकडे शिकलेल्यांना हे ठाऊक होतं. आवाज ऐकू येईनासा झाला की माणसं गॅरेज सोडून चहाला जात.

आता तो इतका खाली गेला होता, की अभिनंदनला पुढं वाकून ऐकावं लागलं.

“शर्यतीचा सूट चढीव अंगावर. हेल्मेट घाल. बस गाडीत.”

“कशाला?”

“बस.”

गाडी मागच्या अंगणात उभी होती. सकाळ असली तरी ऊन लागायला लागलं होतं. अभिनंदननं सूट चढवला, हेल्मेट घातलं आणि तो आत शिरला. चालवायला बसलेल्याच्या डाव्या हाताला, सीटला अगदी लागून, ते पाइप होते. चकचकीत, उघडे. त्यानं स्वतः पॉलिश केलेले.

पट्टे आवळले. आधी पुढचं इंजिन चालू झालं, मग मागचं. अंगणाच्या कडेचे पत्रे थरथरले. वस्तादांनी बाहेरून दार लावलं आणि ते बॉनेटसमोर जाऊन उभे राहिले.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. अभिनंदनच्या नजरेत राग होता. बघाच आता, किती गार राहते ती, असं त्याला म्हणायचं होतं.

काटे चढले. ठरल्या जागी आले आणि थांबले. पंखे सुरू झाले. सगळं त्यानं मांडलं होतं तसंच चाललं होतं. त्यानं काचेतून अंगठा दाखवला.

वस्तादांनी हात उजवीकडे केला.

उजवं वळण. उजव्या वळणावर माणूस डावीकडे फेकला जातो, आणि डाव्या पायानं क्लच दाबायचा म्हणून पाय कुठंतरी टेकून धरावा लागतो. अभिनंदनला हे माहीत होतं. त्यानं अंग डावीकडे टाकलं, पाय पाइपाला टेकला, क्लच दाबून गिअर टाकला आणि क्लच तसाच दाबून धरला.

काही झालं नाही. नुसतं उबदार लागलं.

वस्तादांनी हात डावीकडे केला. मग पुन्हा उजवीकडे. आणि या वेळी हात तसाच धरून ठेवला. लांब वळण.

सुटाच्या आत पोटरीवर काहीतरी शिरलं. आधी ऊब. मग टोचणं. मग...

“आई गं!”

त्यानं पाय ओढून घेतला. क्लच सुटला, गाडीनं झटका खाल्ला आणि दोन्ही इंजिनं बंद पडली.

वस्ताद दाराशी आले. खिडकीतून वाकून त्यांनी विचारलं,

“पाय का काढला?”

“चटका बसला.”

“क्लच कोन दाबनार?”

अभिनंदन धडपडत बाहेर आला. हेल्मेट काढलं. केस ओले झाले होते, तोंड लाल झालं होतं. तो अंगणात दोन फेऱ्या मारून आला. आणि मग त्याचं डोकं चालायला लागलं, त्याचे डोळे चमकले.

“कळलं वस्ताद! चूक कळली. पाइप आतून न्यायलाच नको होता. गाडीच्या दाराखालच्या उंबऱ्याच्या बाहेरून, खालच्या पट्टीतून न्यायचा. तिथं वारापण लागेल! म्हणजे अजून गार. नाहीतर काचकापडाचे दोन थर द्यायचे, मध्ये फट सोडायची. किंवा असं करू, पाइपाचा घेर कमी करून पंप मोठा...”

“काय कळलं?”

“पाइपाची जागा चुकली.”

वस्तादांनी गाडीचं दार पुन्हा उघडलं.

“परत बस.”

“आता कशाला? सांगितलं की मी!”

“परत बस, चौगुले.”

वस्तादांनी आजवर त्याला आडनावानं हाक मारली नव्हती. ती हाक चटक्यापेक्षा जास्त लागली. अभिनंदन आत जाऊन बसला.

या वेळी वस्ताद समोर उभे राहिले नाहीत. ते पाठ फिरवून आत निघून गेले. थाळी ओढून बेअरिंग धुवायला बसले.

इंजिनं चालू झाली. पाइप आधीच तापलेले होते. आता कुणी वळणं सांगत नव्हतं, कुणी बघत नव्हतं. हेल्मेटच्या आत त्याला स्वतःचा श्वास ऐकू येत होता. घाम भुवईवरून डोळ्यात उतरला. पुसायला हात वर केला तर हेल्मेट आडवं आलं. पुढून एका इंजिनाची धग, मागून दुसऱ्याची आणि डावीकडून त्याचा लाडका पाइप. सगळ्या गाडीत गार नसलेली एकच गोष्ट होती, आणि तिला मीटर लावलेला नव्हता.

काटे मात्र झकास होते. जागचे हलत नव्हते.

त्याला आठवायचं नव्हतं, पण आठवलं. सरावाचा दिवस. आवरण काढल्यानंतरची जुलेखाची पहिलीच फेरी. ती उतरली, पायावरून हात फिरवला आणि काहीतरी म्हणाली. तो तेव्हा मीटरकडे बघत होता...

त्यानं इंजिनं बंद केली.

आत येऊन तो वस्तादांसमोर उभा राहिला.

“तिनं मला सांगितलं होतं,” तो म्हणाला.

“कदी?”

“सरावाच्या दिवशी. पायाला चटका बसतोय म्हणाली.”

“मग तू काय म्हनलास?”

“जाड मोजे घाल म्हणालो.”

थाळीतलं डिझेल हललं नाही. वस्ताद त्याच्याकडे असे बघत राहिले, की अभिनंदनला वाटलं आता थाळीच अंगावर येणार. त्यानं ती चुकवायचीसुद्धा नाही असं ठरवलं.

“घातलं हुतं तिनं,” वस्ताद म्हणाले. “दोन जोड. डॉक्टरनं कातरीनं कापून काढलं.”

अभिनंदन खाली बसला. तिथंच, ऑइल सांडलेल्या फरशीवर.

वस्ताद त्याला उठ म्हणाले नाहीत.

दुपारी तो मुजावरांच्या घरी गेला. जुलेखा खुर्चीत बसली होती. पाय समोरच्या स्टुलावर, गुडघ्यापासून खाली पांढरी पट्टी. तिनं त्याला बघितलं आणि तोंड फिरवलं.

“जुलेखा, चुकलो मी.”

“बरं.”

“खरंच चुकलो. माझ्या लक्षातच...”

“तू घाबरट म्हणालास तेव्हा कुणासमोर म्हणालास?”

त्यानं पट्टीकडे बघितलं.

“सगळ्या लोकांसमोर ना? आणि चुकलो म्हणायला माझ्या घरात आलास. दार लोटून. इथं फक्त भिंती आहेत, अभिनंदन. त्यांनी मला कधी घाबरट म्हटलं नव्हतं.”

“मग मी काय करू?”

“तेही मीच सांगू?” ती उसळली. “चटका बसतोय, तेही मीच सांगायचं. माफी कशी मागायची, तेही मीच शिकवायचं. शेवटच्याच्या आधल्या वळणाला मला वाटलं, पाय काढला तर गाडी दरीत जाईल. म्हणून वळण होईपर्यंत पाय काढला नाही. तो तसाच पाइपावर धरला. मग सरळ रस्ता आला, मग थांबवली. आणि तू आत वाकून काय बघितलंस? काटे! मी बाजूला एका पायावर उभी होते. निघ तू इथनं.”

तो निघाला.

पुढचे काही दिवस तो गॅरेजात आला नाही. शर्यतीला जी जी माणसं हजर होती, त्यांच्या दारात जात राहिला. काहींनी हसून विषय टाळला. काही म्हणाले, अरे एवढं काय त्यात. तो प्रत्येकाला एकच सांगत होता, रविवारी सकाळी वस्तादांच्या गॅरेजात या.

रविवारी माणसं जमली. जो त्या दिवशी हसला होता, तोही आला होता. जुलेखा वस्तादांचा हात धरून, एक पाय जपून टाकत आली आणि दाराजवळच्या पेटीवर बसली. तिच्या कपाळावरची आठी गेली नव्हती.

अभिनंदन मध्ये उभा राहिला. बोलायची त्याला सवय होती. गाडीबद्दल तो तासभर बोलू शकायचा. आज तो थेट मुद्द्यावर आला.

“गाडी तापली होती,” तो म्हणाला. “ही खरं बोलत होती. मी इंजिनांचा ताप काढून हिच्या अंगावर सोडला. हिनं आदल्या दिवशी सांगितलं, ते मी ऐकलं नाही. आणि वर हिला घाबरट म्हणालो. पोटरी भाजत असताना हिनं वळण पुरं केलं. मी असतो तर पाय काढला असता. मी काढला. गॅरेजच्या अंगणात, उभ्या गाडीत काढला.”

कुणी हसलं नाही.

त्यानं खाली बसून स्वतःची पॅन्ट वर केली नाही, की पोटरीवरचा लाल चट्टा दाखवला नाही. तो फक्त जुलेखाकडे वळला.

“माफ कर म्हणत नाही. करावंसं वाटलं तर कर.”

“अजून वाटत नाही,” जुलेखा म्हणाली.

“बरं.”

“राग आहे माझा. राहणार आहे. पण गाडी माझीपण आहे.” तिनं हात पुढं केला. “खडू दे इकडं.”

माणसं हळूहळू पांगली. जुलेखा पेटीवरून उतरून फरशीवर बसली, भाजलेला पाय लांब पसरून. तिनं खडूनं आधी एक चौकोन काढला. चालवणाऱ्याची सीट. मग त्याच्या पुढं एक इंजिन, मागं दुसरं.

“पाणी पुढं आणायचंच नाही,” ती म्हणाली. “मागच्याचं मागंच. रेडिएटर मागच्या दारांच्या जागी, दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा. बाहेरच्या अंगाला पत्र्याची तोंडं काढायची, वारा तिथनं घ्यायचा. सीटच्या मागं पत्र्याची भिंत. माझ्या बाजूला एक थेंब गरम पाणी येणार नाही.”

अभिनंदन उकिडवा बसून बघत होता. त्याची बोटं आपोआप फरशीवर हिशोब करायला लागली.

“पण बाजूला वारा कमी लागतो,” तो म्हणाला. “नाकावर मिळायचा तेवढा मिळणार नाही.”

“मग?”

“मग काही नाही... जमेल. पण मागचं इंजिन पहिल्यासारखं गार राहणार नाही. फुटणार नाही, पण काटा बराच वर चढेल.”

जुलेखानं खडू खाली ठेवला आणि त्याच्याकडे बघितलं. तो वरमला. पण एवढ्या उन्हाळ्याची मेहनत अशी सहजासहजी सुटेना. त्यानं वस्तादांकडे बघितलं. ते शटरजवळ पाठमोरे उभे राहून चहा पीत होते.

“वस्ताद, तुम्हीच सांगा. मागचं इंजिन तापेल.”

वस्तादांनी चहा संपवला. कप पालथा ठेवला.

“तापू दे की. इंजिन हाय ते.”